सव्वीस जानेवारीला निघा : भंडाऱ्याहून १८१७च्या रणभूमीवर

भंडाऱ्याच्या माणसाला किल्ला म्हटला की जंजिरा नाही तर सिंधुदुर्ग आठवतो. पोरांना सुट्ट्या लागल्या की आपण रात्रभर रेल्वेत बसून समुद्र गाठतो, तटावर उभे राहून फोटो काढतो, तोफेवर पोराला बसवतो आणि परत येतो. ज्यांची लेक किंवा जावई परदेशात आहे ते आता फ्रान्समधला नॉर्मंडीचा किनाराही पाहून येतात. ६ जून १९४४ला दोस्तांच्या फौजा जिथे उतरल्या, तिथे जर्मनांची काँक्रीटची ठाणी, सैनिकांची दफनभूमी, संग्रहालये, वाट दाखवणाऱ्या पाट्या असे सगळे हाताशी आहे. हेवा वाटावा अशीच ती व्यवस्था. पण ती पाहून आलेल्या आपल्या किती माणसांना माहीत असते, की ज्या लढाईने आपल्या जिल्ह्याचा धनी बदलला, ती भंडाऱ्याहून दीड-दोन तासांवर झाली? त्या रणभूमीतून आपण दर दसरा-दिवाळीला कपड्यांच्या पिशव्या घेऊन चालत जातो. तिला आपण नुसते ‘बर्डी’ म्हणतो.

यंदाच्या सहलीसाठी ही योजना मांडतो आहे. तिची तारीख आपल्या हातात नाही, हे आधीच सांगितलेले बरे. सीताबर्डीचा किल्ला लष्कराच्या, म्हणजे प्रादेशिक सेनेच्या ताब्यात आहे. सामान्य माणसाला तो वर्षातून मोजक्याच राष्ट्रीय दिवशी उघडा असतो : २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्ट. मे महिन्यात विदर्भात किल्ले चढण्याचा सल्ला मी वैऱ्यालाही देणार नाही आणि ऑगस्टात झाडीपट्टीच्या वाटा चिखलाने भरलेल्या असतात. उरतो प्रजासत्ताक दिन. धान घरात आलेले असते, थंडी असते, शेतात लाखोळी उभी असते, शंकरपटाचे दिवस असतात. सहल तिथूनच सुरू करावी. पुढचा क्रम १८१७-१८च्या युद्धाचा ठेवावा, म्हणजे लढाई आधी, पाठलाग नंतर आणि शेवटचा वेढा शेवटी. जवळचे ठिकाण आधी आणि लांबचे नंतर असा हिशेब इथे कामाचा नाही. तसे केले की दगड पाहून होतात आणि गोष्ट हाती लागत नाही.

गोष्ट थोडक्यात अशी. नागपूरचे मुधोजी ऊर्फ अप्पासाहेब भोसले यांनी इंग्रजांशी तैनाती फौजेचा करार केला होता, पण पुण्यात बाजीराव पेशवे इंग्रजांवर बिथरल्यावर त्यांचाही कल बदलला. इंग्रजांचा रेसिडेंट रिचर्ड जेंकिन्स शहराच्या पश्चिमेला राहत होता. त्याच्या बंगल्याच्या आणि शहराच्या मधोमध दोन उघड्या टेकड्या होत्या, एक मोठी, एक लहान, मध्ये खोलगट खिंड. लेफ्टनंट कर्नल हॉप्टन स्कॉटने आपली माणसे त्यांवर चढवली. त्याच्याकडे दीड हजारांच्या आत माणसे होती. समोर भोसल्यांची सुमारे अठरा हजार फौज आणि तिच्यात अरब पायदळ. २६ नोव्हेंबर १८१७च्या संध्याकाळी गोळी सुटली आणि रात्रभर थांबली नाही.

२७च्या सकाळी लहान टेकडी अरबांनी जिंकली. हा क्षण नीट समजून घ्यावा, कारण त्या घटकेला नागपूरचे राज्य वाचल्यासारखेच होते. लहान टेकडीवर हाती आलेली तोफ त्यांनी मोठीकडे वळवली. मोठीवरचे शिपाई रात्रभर लढून थकलेले, दारूगोळा संपत आलेला, बायकामुले रेसिडेन्सीच्या इमारतीत. तेवढ्यात खाली मैदानात कॅप्टन फिट्झजेराल्डने बंगाल घोडदळाच्या तीन तुकड्या घेऊन भोसल्यांच्या स्वारांवर धाव घेतली, त्यांच्या तोफा हिसकल्या आणि त्याच तोफा त्यांच्यावर चालवल्या. वरून हे पाहणाऱ्यांना धीर आला. थोड्याच वेळात लहान टेकडीवर अरबांच्या दारूचा साठा फुटला आणि त्या गोंधळात मोठीवरच्या पायदळाने संगिनी लावून ती परत घेतली. दुपारपर्यंत सगळे संपले. इंग्रजांच्या बाजूचे मेलेले आणि जखमी मिळून ३६७. आपल्या बाजूचा आकडा कोणी नीट लिहून ठेवला नाही.

इंग्रजांच्या बाजूने लढले तेही बहुतेक आपलेच होते. मद्रासचे शिपाई, बंगालचे स्वार. त्यांतल्या मद्रासच्या २४व्या पलटणीची कथा वेगळीच आहे. ती मुळात पहिल्या क्रमांकाची पलटण, पण १८०६च्या वेल्लोरच्या उठावामुळे तिचा क्रमांक काढून घेतला होता. सीताबर्डीला तिने जो मार खाल्ला आणि दिला, त्याच्या बदल्यात जुना क्रमांक परत मिळाला. बंडखोरीचा डाग धुण्यासाठी दक्षिणेतला शिपाई नागपुरात अरबाशी लढतो आणि राज्य जाते भोसल्यांचे. असे युद्ध शाळेच्या पुस्तकातल्या दोन ओळींत बसत नाही.

२६ जानेवारीला किल्ल्यावर जाल तेव्हा एक लक्षात ठेवा : जी तटबंदी दिसते ती लढाईच्या वेळी नव्हतीच. तो किल्ला इंग्रजांनी जिंकल्यावर बांधला. तेव्हा बुरूज बघत बसण्यापेक्षा वर उभे राहून चारी बाजूंना पाहावे. पूर्वेला महालचे जुने शहर, पश्चिमेला सिव्हिल लाइन्स, पायथ्याशी रेल्वे आणि टेकडी गणपती. डोळ्यांनी उंची मोजा. या टेकड्या किती बुटक्या आहेत हे पाहिल्यावर कळते की अठरा हजारांना त्या का घेता यायला हव्या होत्या. किल्ल्यात इंग्रज अधिकाऱ्यांच्या कबरी आहेत, तसाच नवगज अली बाबांचा दर्गाही आहे. १८५७मध्ये नागपुरात उठावाचा बेत फसल्यावर फासावर गेलेल्यांच्या कबरी तिथेच असल्याचे सांगतात. गर्दी असते, रांग लागते आणि जवान पुढे सरका म्हणत राहतात. तरी इंग्रजांच्या कबरी आणि दर्गा या दोन जागी थांबावेच.

खाली उतरल्यावर कस्तुरचंद पार्क आहे. काही वर्षांपूर्वी तिथल्या खोदकामात जुन्या तोफा वर आल्या. रोज सकाळी लोक जिथे फिरतात, त्याच मातीखाली त्या दोनशे वर्षे पडून होत्या. तिथून महालात, गांधी गेटला. सगळे नागपूर हे नाव जाणते, पण तो जुना जुम्मा दरवाजा. १६ डिसेंबरला जनरल डव्हटनच्या फौजेने सक्करदऱ्याकडे भोसल्यांच्या सैन्याचा पराभव केला. अप्पासाहेब शरण गेले होते, पण अरब गेले नाहीत. ते शहराच्या आत दरवाजे लावून बसले. २४ डिसेंबरला इंग्रजांनी या दरवाजावर हल्ला केला आणि मार खाऊन मागे फिरले. अखेर ३० डिसेंबरला अरब बाहेर पडले ते बोलणी करून, बायकामुले आणि सामानासह. या युद्धात इंग्रजांना नाक घासायला लावणारी जागा ही, आणि तिच्याखालून आता ऑटोरिक्षा जातात. सहलीत मला सर्वांत आवडलेले ठिकाण हेच. कोणी तिकीट मागत नाही आणि लढाईचे कोणी काही सांगतही नाही.

दुसऱ्या दिवशी, वेळ असेल तर, अजब बंगला पाहा. १८६३पासूनचे ते मध्यवर्ती संग्रहालय, त्यात शस्त्रांचे दालन आहे. कामठीच्या छावणीत ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचे केंद्र आहे आणि रेजिमेंटचे संग्रहालयही. पण ती छावणी आहे, आपला बाजार नाही. आधी पत्र लिहून परवानगी घ्या, तशीच गाडी दाराशी नेऊन हुज्जत घालू नका. छावणी १८२१पासूनची, म्हणजे याच युद्धाची संतती. घरात गार्ड्समधला निवृत्त जवान असेल तर त्याला बरोबर न्या. पाट्या वाचण्यापेक्षा त्याचे बोलणे ऐकलेले बरे.

आता आपल्या जिल्ह्यात यावे. तुमसरच्या उत्तरेला, गायमुखाजवळ सातपुड्याच्या रांगेत आंबागड आहे. देवगडच्या बख्त बुलंद शहाचा सरदार राजा खान याने तो १७००च्या आसपास बांधला. पुढे भोसल्यांनी त्याचा तुरुंग केला. कैद्यांना आतल्या विहिरीचे साचलेले पाणी पाजत आणि त्यानेच ते मरत, असे परिसरात सांगतात आणि जुन्या नोंदींतही आहे. पायऱ्या चढून दरवाजातून आत गेले की ती विहीर येते आणि वरून तुमसरकडची धानाची बांधी दिसतात. बांधीच्या कडेला मामा तलाव. हे सगळे जंगलाच्या आडोशाला असल्याने इथला किल्ला सह्याद्रीच्या किल्ल्यांसारखा आकाशावर रेखलेला दिसत नाही. तो झाडांत बसलेला असतो. शाळकरी पोरांना आधी आंबागड दाखवावा आणि मग जंजिरा, असे माझे स्पष्ट मत आहे. समुद्रकिनारी तटाने शत्रूला अडवले, इथे झाडीने आणि पाण्याने अडवले.

पाण्याचा अर्थ पवनीला कळतो. गावाच्या तीन बाजूंना मातीचा तट आणि खंदक, चौथ्या बाजूला वैनगंगा. तट भोसल्यांच्याही फार आधीचा. १९६९-७०मध्ये नागपूर विद्यापीठ आणि पुरातत्त्व खात्याने केलेल्या उत्खननात जगन्नाथ टेकडीला मोठा स्तूप सापडला, म्हणजे नदीकाठचे हे ठाणे दोन हजार वर्षांहून जुने आहे. पवनीच्या वाटेवर साकोलीकडून येत असाल तर सानगडीचा किल्ला आणि तलाव पाहून घ्या. भंडारा शहरातला किल्ला पाहण्याचा हट्ट धरू नका, त्यात तुरुंग आहे.

१८१८ची एक गाठ मात्र आताच्या गोंदियात, कामठ्याला पडते. १ मे १९९९पर्यंत कामठा आपल्याच जिल्ह्यात होते. अप्पासाहेब पदच्युत झाले, त्यांना कैद करून अलाहाबादकडे नेले जात होते आणि मे १८१८मध्ये ते वाटेतून निसटले. त्यांच्या बाजूने या भागात जो उठला तो कामठ्याचा जमीनदार चिमणा पटेल. इंग्रजांनी कॅप्टन गॉर्डनला पाठवले, कामठा पडले आणि चिमणा पटेल पकडला गेला. जमीनदारी इंग्रजांना मदत करणाऱ्या लोधी घराण्याकडे गेली. नागपूरच्या रेसिडेंटचे नाव आपल्याला पाठ असते, मग चिमणा पटेलाचे एवढे अनोळखी का? अप्पासाहेब महादेवाच्या डोंगरातून असीरगड, पुढे पंजाब असे भटकत १८४०मध्ये जोधपूरला वारले.

ज्यांच्याकडे आणखी दिवस आहेत त्यांनी पवनीहून चंद्रपूर गाठावे. चांद्याची तटबंदी कर्नल ॲडम्सने २० मे १८१८ला फोडली, किल्लेदार गंगासिंग लढताना पडला. मे महिन्याच्या त्या उन्हात तोफा ओढणाऱ्यांचे काय झाले असेल, हे चंद्रपूरच्या माणसाला वेगळे सांगावे लागत नाही. जटपुरा, पठाणपुरा, अंचलेश्वर, बिनबा असे दरवाजे उभे आहेत. २०१७पासून ‘इको-प्रो’ या संस्थेच्या स्वयंसेवकांनी तटावरची झाडी आणि कचरा काढून तो चालण्याजोगा केला. आंबागडला असे कोणी मिळाले तर किती बरे होईल.

पश्चिमेकडचे गाविलगड आणि अडगाव हे वेगळ्या सहलीचे विषय आहेत. १८०३ची लढाई, इंग्रज सेनापती वेलस्लीची. २९ नोव्हेंबरला अडगाव, १५ डिसेंबरला गाविलगड आणि लगोलग १७ डिसेंबरला देवगावचा तह, ज्यात भोसल्यांनी कटक आणि वर्धेच्या पश्चिमेचा मुलूख गमावला. चिखलदऱ्याला जाल तर गाविलगडाच्या उत्तरेच्या तटाकडे जरूर जा. वेलस्लीच्या जोडीच्या स्टीव्हन्सनने जड तोफा डोंगरातून वळसा घालून त्या बाजूला नेल्या होत्या आणि भगदाड तिथेच पडले.

आणि एक ठिकाण असे, जिथे थांबायचे नाही. नागपूरहून परतताना जवाहरनगरचा आयुध निर्माणी कारखाना लागतो. १९६२च्या चीन युद्धानंतर, १९६४मध्ये तो उभा राहिला. समुद्र आणि सरहद्द दोन्हींपासून लांब असलेला हा मुलूख दारूगोळ्यासाठी सोयीचा. २४ जानेवारी २०२५ला तिथल्या स्फोटात आठ कामगार गेले. गावोगावी त्यांची घरे आहेत. गाडी थांबवून फोटो काढू नका, ती बंदी तर आहेच, पण ते शोभणारही नाही.

मागणी एकच आहे आणि ती जिल्हा परिषदेपासून पुरातत्त्व खात्यापर्यंत सगळ्यांकडे आहे. आंबागडच्या दरवाजाशी आणि गांधी गेटला मराठीत एक पाटी लावा. त्यावर दिवस, घटना आणि दोन्ही बाजूंनी लढलेल्या माणसांची नोंद असावी. वाचकांनी मात्र पाटीची वाट पाहू नये. आधार कार्ड खिशात ठेवा, २५ जानेवारीच्या नागपूरच्या वर्तमानपत्रात किल्ल्याची वेळ बघा आणि सकाळची पहिली एसटी धरा.