टेबलावरचा बोरघाट

शाळांच्या विज्ञान प्रदर्शनात आगगाडीची प्रतिकृती हमखास असते. काही वर्षांपूर्वी अशाच एका प्रदर्शनात नववीच्या मुलांनी केलेला बोरघाट पाहिला. पुठ्ठ्याचे डोंगर, बोगदे, खंडाळ्याचे जुने रिव्हर्सिंग स्टेशन आणि त्यावर उभी असलेली डेक्कन क्वीन! काम फार देखणे होते. पण हा प्रसंग खऱ्या घाटात कधीच घडलेला नाही. रिव्हर्सिंग स्टेशन १९२९ साली बंद झाले आणि डेक्कन क्वीन १ जून १९३० रोजी सुरू झाली. मुलांना हे सांगितले तेव्हा ती आधी हिरमुसली. मग त्यांच्यातल्या एकीने विचारले, "मग तिथे कोणती गाडी होती, ते कुठे कळेल?"

हा प्रश्न विचारला की प्रतिकृती हा नुसता हस्तव्यवसाय राहत नाही. तो इतिहासाचा आणि गणिताचा प्रकल्प होतो.

आधी रिव्हर्सिंग स्टेशन म्हणजे काय ते पाहू. बोरघाटाचा लोहमार्ग १८६३ साली सुरू झाला. त्याचे मुख्य अभियंता जेम्स बर्कली. सुमारे साडेपंचवीस किलोमीटरमध्ये गाडीला ५५८ मीटर वर चढायचे होते. सर्वांत तीव्र चढ ३७ ला १, म्हणजे ३७ मीटर पुढे गेले की १ मीटर वर. खंडाळ्याजवळ डोंगराच्या सोंडेवर गाडीला वळण घ्यायला पुरेशी जागा नव्हती. तेव्हा मार्ग इंग्रजी 'व्ही' अक्षरासारखा केला. गाडी एका रेघेने वर येऊन टोकाला थांबे, इंजिन सोडून दुसऱ्या बाजूला जोडत आणि ती दुसऱ्या रेघेने उलट दिशेने पुढे चढू लागे. म्हणजे प्रतिकृतीत टोकाला आख्खी गाडी मावेल एवढा सरळ रूळ हवा, शिवाय इंजिनाला बाजूने फिरून जायला दुसरा रूळ आणि सांधे हवेत. मुलांनी तो दुसरा रूळ दाखवलाच नव्हता. त्यांची गाडी तिथे अडकूनच पडली असती!

(या बांधकामाचा ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ साली भारतात आल्यावर थोड्याच दिवसांत वारला आणि त्याची पत्नी अ‍ॅलिस हिने ठेका पुढे चालवला. एका वेळी चाळीस हजारांवर मजूर घाटात राबत होते. साथीच्या रोगांनी त्यांतले किती गेले, हे प्रतिकृतीत दाखवता येत नाही. पण शेजारच्या तक्त्यावर लिहिता येते.)

आता गणित. जगभर छंदाच्या आगगाड्यांसाठी १ : ८७ हे प्रमाण फार वापरतात आणि त्यासाठी मिळणाऱ्या तयार रुळांमध्ये १६.५ मिलिमीटर अंतर असते. १६.५ ला ८७ ने गुणा. उत्तर येते सुमारे १४३५ मिलिमीटर. हे झाले युरोप-अमेरिकेतले गेज. आपले ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटर आहे. त्याला ८७ ने भागले तर १९.३ येतात. म्हणजे डबे १ : ८७ ने अचूक केले आणि तयार रुळांवर ठेवले, तर आपली रुंद गाडी अरुंद पायांवर उभी राहिल्यासारखी दिसते. गंमत अशी की, ज्यांना बार्शी लाईट रेल्वे करायची आहे त्यांना ही अडचण नाही. तिचे गेज ७६२ मिलिमीटर होते. भागाकार येतो पावणेनऊ, आणि ९ मिलिमीटरचे रूळही तयार मिळतात.

चढाला मात्र प्रमाण लागत नाही. ३७ ला १ हा चढ प्रतिकृतीतही ३७ ला १ च राहतो. दीड मीटर लांबीच्या टेबलावर रूळ अवघा ४ सेंटिमीटर वर जाईल. मुले घाट म्हणून रूळ एकदम उभा करतात. तसला चढ खऱ्या इंजिनाला तर नाहीच, खेळण्यातल्या इंजिनालाही जमत नाही, चाके जागच्या जागी फिरतात. अख्खा घाट १ : ८७ ने करायचा म्हटले तर २९० मीटरहून लांब आणि साडेसहा मीटर उंच जागा लागेल. म्हणून एकच जागा निवडावी. वळणांचे दुखणे याहून मोठे. ब्रॉडगेजवर १७५ मीटरपेक्षा कमी त्रिज्येचे वळण चालत नाही. प्रतिकृतीत ते २ मीटर त्रिज्येचे होते. कोणत्या वर्गात एवढी जागा असते? इथे तडजोड करावीच लागते. जाणकार आवळ वळण बोगद्यात लपवतात. मला ही लबाडी मान्य आहे. सालाची चूक मान्य नाही.

साल ठरले की बाकीचे आपोआप ठरत जाते. १९२५ चे खंडाळा करायचे तर वर विजेच्या तारा नकोत. मुंबईत विजेची पहिली गाडी त्याच वर्षी ३ फेब्रुवारीला धावली, पण पुण्यापर्यंत वीज यायला आणखी काही वर्षे गेली. डेक्कन क्वीनच हवी असेल तर १९३० साल घ्या, रिव्हर्सिंग स्टेशन सोडून नवा मार्ग करा. तेव्हा तिचे सात-सात डब्यांचे दोन संच होते. एक रुपेरी, त्यावर लाल पट्टे. दुसरा निळा, त्यावर सोनेरी रेघा. मालगाडीला त्या काळचे 'खेकडा' नावाने ओळखले जाणारे विजेचे इंजिन जोडा. त्यातले एक दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात पाहायला मिळते.

माहिती कुठे शोधायची? पुणे जिल्ह्याचे जुने गॅझेटिअर मोठ्या ग्रंथालयात असते. बर्कलीने १८६० साली लंडनच्या स्थापत्य अभियंत्यांच्या संस्थेत वाचलेला निबंध छापलेला आहे. जुनी वेळापत्रके मिळाली तर सोडू नका. छायाचित्र मिळाले तर आधी त्याचे साल पाहा, मग इंजिन. आणि गावात रेल्वेतून निवृत्त झालेले कोणी असतील तर त्यांच्याकडे मुलांना जरूर पाठवा. सिग्नलचा हात आडवा असताना गाडी थांबते, हे पुस्तकात असते. घाट उतरताना ब्रेक कसे तपासतात, हे त्यांच्याकडूनच नीट कळते.

तीच मुलगी पुढच्या वर्षी भेटली. तिला अशाच एका आजोबांनी सांगितले होते की मुंबईकडे जाणारी गाडी 'अप' आणि मुंबईहून येणारी 'डाऊन'. म्हणजे कर्जतहून धापा टाकत घाट चढते ती डाऊन गाडी, आणि उतरते ती अप! तिने फलकावर तसेच लिहिले होते आणि ते चूक आहे म्हणून तिच्याशी वाद घालणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला ती वेळापत्रक दाखवत होती.