तोच खेळ पुन्हा का खेळावासा वाटतो?

एकदा सुटलेले कोडे तुम्ही पुन्हा सोडवायला घेता का? बहुधा नाही. उत्तर कळले की कोड्यातली गंमत संपते. पत्त्यांचा डाव संपला की मात्र "आणखी एक डाव!" असे आपण लगेच म्हणतो. पत्ते तेच ५२, नियम तेच, खेळणारेही तेच. मग दुसऱ्या डावात नवे असते तरी काय?

संगणकावरच्या साहसखेळांपुढे हाच प्रश्न सुमारे १९८० साली उभा राहिला. या खेळांत खेळणारा एखाद्या योद्ध्याची किंवा जादूगाराची भूमिका घेतो, अद्भुत जगात शिरतो, राक्षसांशी लढतो आणि खजिना शोधतो. या प्रकारच्या सुरुवातीच्या खेळांपैकी 'ॲडव्हेंचर' हा खेळ विल क्राउदर यांनी १९७६ च्या सुमारास लिहिला आणि डॉन वुड्स यांनी १९७७ मध्ये वाढविला. त्यातली गुहा अमेरिकेतील केंटकी राज्यातल्या खऱ्या 'मॅमथ' गुहेवर बेतलेली होती. खेळ फार लोकप्रिय झाला, पण त्याची जात कोड्याची होती. किल्ली कोठे आहे हे एकदा कळले की ती दर वेळी तेथेच सापडायची.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता क्रूझ शाखेत शिकणाऱ्या मायकेल टॉय आणि ग्लेन विचमन यांना ही उणीव जाणवली. शिवाय असा खेळ लिहिणाऱ्याला तर तो खेळताच येत नाही, कारण सगळी उत्तरे त्यानेच ठरविलेली असतात! लिहिणाऱ्यालाही चकित करील असा खेळ रचता येईल का? या प्रश्नातून १९८० मध्ये 'रोग' हा खेळ जन्मला. पुढे केन अर्नोल्ड हेही त्यांना येऊन मिळाले. (हा आपल्याकडील आजार नव्हे, इंग्रजीत या शब्दाचा अर्थ लबाड, भटक्या माणूस असा होतो.) भुयाराच्या २६ व्या मजल्यावरून 'येंडॉरचा ताईत' मिळवायचा आणि जिवंत वर यायचे, एवढेच त्यातले काम. चित्रे मुळीच नाहीत. खेळणारा म्हणजे '@' हे चिन्ह आणि राक्षस म्हणजे इंग्रजी वर्णमालेतली २६ मोठी अक्षरे. पण भुयार मात्र दर खेळी नवे!

बीजातून भुयार

संगणक तर सांगितले तेवढेच करणारे यंत्र. मग तो दर वेळी नवे भुयार आणतो कोठून? तो एक सूत्र वापरतो. आपणही तसे एक छोटे सूत्र घेऊ: हातातल्या संख्येला ५ ने गुणा, ३ मिळवा, १६ ने भागा आणि बाकी लिहा. ही बाकी म्हणजे पुढची संख्या. सुरुवातीच्या संख्येला 'बीज' म्हणतात. ७ हे बीज घेतले, तर ३५ अधिक ३ म्हणजे ३८, आणि बाकी ६. पुढे ६ पासून १, १ पासून ८. अशा रीतीने ६, १, ८, ११, १०, ५, १२, १५... अशी मालिका तयार होते. ० ते १५ या सर्व संख्या एकेकदा येऊन गेल्या की १७ व्या पावलाला मालिका पुन्हा पहिल्यापासून सुरू होते.

आता ही मालिका भुयारात वापरू. संख्या ८ हून लहान असेल तर वाट डावीकडे, नाहीतर उजवीकडे. मग वाटा येतात त्या अशा: डावी, डावी, उजवी, उजवी, उजवी, डावी, उजवी, उजवी. चालणाऱ्याला यात काही क्रम दिसणार नाही. पण त्याऐवजी 'सम असेल तर डावी, विषम असेल तर उजवी' असा नियम केला तर? मालिका पुन्हा पाहा. सम, विषम, सम, विषम... थोडे चालताच खेळणाऱ्याला सारे गुपित उमगेल! योगायोगाचे नुसते सोंग आणायचे, तरी ते असे विचारपूर्वक आणावे लागते. म्हणूनच या संख्यांना 'छद्म-यादृच्छिक' म्हणतात.

'रोग'मध्ये याच जातीचे सूत्र आहे, फक्त संख्या पुष्कळ मोठ्या. ३२ द्विमान अंकांची संख्या वापरली, तर अशी मालिका ४२९ कोटींहून अधिक पावले चालू शकते. खेळ सुरू होतो त्या क्षणाच्या वेळेचा उपयोग करून बीज ठरते, म्हणून ते सहसा दर वेळी वेगळे असते. बीज तेच दिले, तर भुयारही तेच उगवते.

योगायोगाला वेसण

केवळ योगायोगावर सोडले, तर मात्र भलताच घोटाळा होईल. एखादी खोली चारही बाजूंनी बंद राहील आणि खाली जाणारा जिना नेमका तिच्यातच असेल! म्हणून 'रोग'मध्ये प्रत्येक मजल्याचे तीन ओळी आणि तीन स्तंभ असे ९ भाग पाडलेले असतात. भागात खोली किती मोठी करायची, की खोली न ठेवता वाटांचा नुसता सांधाच ठेवायचा, हे योगायोगाने ठरते. मग एका भागापासून सुरुवात करून, अजून न जोडलेला शेजारचा भाग वाटेने जोडायचा; असे सर्व भाग जोडले जाईपर्यंत करायचे. ९ भागांना ८ वाटा लागतात. त्यानंतर आणखी काही वाटा मर्जीप्रमाणे जोडायच्या. कोणती वाट कोठे जाईल हे सांगता येत नाही, पण जिन्यापर्यंत वाट असणार एवढे नक्की!

कोणता वेगळेपणा कामाचा?

लिंबाच्या झाडाची दोन पाने तंतोतंत सारखी नसतात, पण म्हणून कोणी ती निरखत बसत नाही. नुसत्या वेगळेपणाने खेळात रस येत नाही. ज्या वेगळेपणामुळे आपल्याला नवा निर्णय घ्यावा लागतो, तोच कामाचा.

'रोग'मधल्या औषधांचे उदाहरण घ्या. भुयारात निरनिराळ्या रंगांची औषधे सापडतात. एकाने जखम भरते, एकाने आंधळेपणा येतो, एकाने भ्रम होतो. पण या खेळीत निळे औषध गुणकारी असले, तर पुढच्या खेळीत तेच निळे आंधळे करील. समजा, औषधे १० आणि रंगही १०. तर त्यांच्या जोड्या ३६,२८,८०० प्रकारांनी लागू शकतात. पाठांतर येथे निरुपयोगी! उपयोगी पडते ती पद्धत. अनोळखी औषध राक्षस समोर असताना न पिता शांत वेळी पिऊन पाहावे. जे औषध वारंवार सापडते ते बहुधा नेहमीच्या प्रकारांपैकी असणार, असा तर्क करावा. प्रयोगशाळेत अज्ञात क्षार ओळखताना तुम्ही असाच विचार करता. तेथे चव मात्र घ्यायची नसते! पण प्रयोग करीत निवांत बसावे म्हटले, तर भूक लागते आणि अन्न मोजकेच असते. म्हणून दर पावलाला थांबू की पुढे जाऊ, हा प्रश्न असतोच.

'रोग'च्या परंपरेतील 'नेटहॅक' या १९८७ च्या खेळाने आणखी एक युक्ती केली. त्याच्या पुढील आवृत्त्यांत १३ भूमिकांतून एक निवडता येते. सामुराईकडे उत्तम शस्त्रे असतात. पर्यटकाकडे भरपूर पैसे, खाऊ आणि कॅमेरा! एकाच राक्षसासमोर दोघांना वेगळी तोड काढावी लागते.

मरण आणि शहाणपण

'रोग'मधला वीर मेला की मेला. खेळ अर्धवट ठेवून नंतर पुढे चालू करता येतो, पण चालू करताच ठेवलेली नोंद पुसली जाते. त्यामुळे चूक झाली म्हणून मागे जाऊन निर्णय बदलता येत नाही. हा नियम कठोर वाटतो खरा, पण निर्णयाला वजन येते ते त्यामुळेच.

शिवाय एक गोष्ट मरत नाही. वीराची तलवार जाते, शक्ती जाते, खजिना जातो. पण खेळणाऱ्याला जे समजले ते त्याच्यापाशीच राहते. पहिल्या खेळीत तुम्ही तिसऱ्या मजल्यावर मेलात आणि विसाव्या खेळीत दहाव्या मजल्यावर पोचलात, तर फरक वीरात पडलेला नसतो. तो तुमच्यात पडलेला असतो. नियम कायम, मांडणी नवी आणि शहाणपण वाढते, या तिन्ही गोष्टी जुळल्या की खेळ पुन्हा खेळावासा वाटतो. विज्ञानाच्या अभ्यासातली गोडी तरी याहून निराळी काय असते? नियम तेच, पण प्रत्येक नवे उदाहरण नव्याने विचार करायला लावते.

करून पाहा

१. वरील सूत्रात ५ ऐवजी ४ ने गुणा. कोणतेही बीज घेतले तरी दोनच पावलांनंतर काय होते? का होते?

२. कागदावर ९ चौकोन काढा. प्रत्येक वाट शेजारच्या दोन चौकोनांना जोडील अशा वाटांनी सर्व चौकोन जोडा. ८ हून कमी वाटांत हे का जमत नाही, ते शोधा.