आपलं नेट, आपला पहारा – भाग ७ : सगळं नेट खातो कोण?

फायरवॉलसाठी कोणतं सॉफ्टवेअर घ्यायचं, पीएफसेन्स की ओपीएनसेन्स, याचा निकाल आज लावायचा होता. तो पुढे ढकलतोय, कारण वसईतल्या माणिकपूरच्या एका वाचकाने पाठवलेल्या आलेखाने विषयच पळवून नेला.

अंबाडी रोडजवळ त्यांचं कर सल्लागाराचं ऑफिस आहे. अडगळीतल्या संगणकात दुसरं नेटवर्क कार्ड बसवून त्यांनी ओपीएनसेन्स चढवलं, त्यातली डेटाची नोंद ठेवणारी सोय 'नेटफ्लो' चालू केली (ती आपणहून चालू नसते, म्हणून अनेकांना रिपोर्टचं पान कोरं दिसतं) आणि काही दिवसांनी 'इनसाइट' हे रिपोर्टचं पान उघडलं. जवळजवळ सगळा डेटा एकाच पत्त्यावर : १९२.१६८.१.२. "हा कोण ते कसं शोधू? एका मुलावर संशय आहे," असं ते लिहितात.

त्या मुलाला सोडा, साहेब. तो पत्ता तुमच्या वाय-फायच्या डब्याचा आहे.

दुकानात मिळणारा वाय-फाय राउटर नुसता वाय-फाय देत नाही. तो आपलं वेगळं जाळं मांडतो, आतल्या फोन-लॅपटॉपना पत्ते वाटतो आणि बाहेर जाणाऱ्या प्रत्येक पॅकेटवर मूळ पत्ता पुसून स्वतःचा टाकतो. हेच नॅट. सोसायटीतल्या प्रत्येकाने पाकिटावर पाठवणारा म्हणून वॉचमनचं नाव लिहावं, तसं. फायरवॉल बसलीय त्या डब्याच्या बाहेर. तिला वॉचमनखेरीज कोणी दिसणारच नाही.

उपाय फुकटचा आहे. डब्यात 'अ‍ॅक्सेस पॉइंट मोड' असेल तर तो निवडा. नसेल तर डब्याला फायरवॉलच्या जाळ्यातला एक मोकळा पत्ता द्या, त्याचं डीएचसीपी (पत्ते वाटणं) बंद करा आणि फायरवॉलकडून येणारी वायर 'वॅन' पोर्टमधून काढून 'लॅन' पोर्टमध्ये खोचा. आता पत्ते फायरवॉल वाटेल आणि प्रत्येक यंत्र रिपोर्टात वेगळं दिसेल. मात्र अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासूनचे फोन वाय-फायला आपला खरा मॅक पत्ता (यंत्राची ओळख) सांगत नाहीत, बनावट सांगतात, म्हणून कोणता फोन कुणाचा ते ओळखणं अवघड. ऑफिसच्या वाय-फायपुरती ती सोय बंद केलीत, तर फोनला नाव देऊन ठेवता येतं. तरीही कोणता व्हिडिओ पाहिला ते कळणार नाही. कुठल्या सर्व्हरकडून किती डेटा आला एवढंच कळेल, आणि ऑफिसला तेवढं पुरे.

ही भानगड समजून घेतल्याशिवाय सॉफ्टवेअरची निवडही नीट होत नाही. पीएफसेन्समध्ये चालू क्षणाचा आलेख आणि प्रत्येक पोर्टचा एकूण इतिहास आयता मिळतो. काल कोणत्या यंत्राने किती खाल्लं, हे हवं तर एनटॉप-एनजीसारखं पॅकेज घालावं लागतं. लुका देरी यांनी १९९८ मध्ये पिसा विद्यापीठात सुरू केलेल्या एनटॉपचं हे आजचं रूप. विलक्षण बारीक दाखवतं, पण मेमरी खातं. ओपीएनसेन्समध्ये यंत्रागणिक हिशेब मुळातच आहे. राउटरवर चढवायच्या ओपनडब्ल्यूआरटी या सॉफ्टवेअरवरचं एनएलबीडब्ल्यूमॉन हे हिशेब ठेवणारं पॅकेज सगळ्यात हलकं. मात्र सेटिंग बदललं नाही तर त्याची हिशेबाची वही रॅममध्येच राहते. पावसाळ्यात वसईत वीज गेली की वही कोरी. डब्याला यूएसबी असेल तर वही पेन ड्राइव्हवर ठेवा.

दहा-बारा माणसांच्या ऑफिसला इनसाइट भरपूर झालं, असं माझं मत. एनटॉप-एनजी हौसेसाठी. मी ते घरी चालवतो आणि जेवण थंड होईपर्यंत पाहत बसतो. पण वायर 'वॅन'मध्येच राहिली असती, तर या तिघांनीही त्या वाचकांना एकच पत्ता दाखवला असता.

हाच खेळ एक मजला वरही चालतो. फायरवॉलच्या वॅन बाजूला १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशाने सुरू होणारा पत्ता दिसला, तर तुमच्या नेटवाल्याने तुम्हालाही इतर गिऱ्हाइकांबरोबर एका नॅटमागे बसवलंय. २०१२ मध्ये हा पट्टा खास याच कामासाठी राखून ठेवला गेला. रिपोर्टला त्याने काही होत नाही, पण बाहेरून ऑफिसचा कॅमेरा पाहायचा असेल तर पोर्ट उघडून उपयोग नाही. नेटवाल्याकडे सार्वजनिक पत्ता मागावा लागेल.

पीएफसेन्समधून ओपीएनसेन्स २०१४ मध्ये का फुटलं, ते आता पुढच्या आठवड्यात. नेटवर्क कार्डांबद्दलची पत्रं साठलीत, ती मध्ये घुसली नाहीत तर.