लाखेत उमटलेली शीळ

१९३२ साल. प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ लागला आणि पडद्यावरची माणसं पहिल्यांदाच मराठीत बोलू लागली. त्याच वर्षी पॅरिसमध्ये झाक प्रेव्हेर हा कवी धाकट्या भावाच्या सिनेमाची पटकथा लिहीत होता. आणि त्याच वर्षी एचएमव्हीने एक तबकडी काढली. तिच्यावरची कविता बुलढाणा जिल्ह्यातल्या बावीस-तेवीस वर्षांच्या एका तरुणाची होती. कवितेचं नाव ‘शीळ’, कवी ना. घ. देशपांडे, गायक जी. एन. जोशी. मराठी भावगीताची पहिली ध्वनिमुद्रिका म्हणून आज तिचंच नाव घेतलं जातं.

ना. घं.चा जन्म १९०९ सालचा, शेंदुर्जनचा. पुढे पैनगंगेकाठच्या मेहकरला त्यांनी वकिली केली. अशा आडगावी राहणाऱ्या कवीचे शब्द घरोघरच्या फोनोवर जाऊन बसले, याचं मला फार अप्रूप वाटतं. ते कसं घडलं हे समजून घ्यायला गेलं, की अप्रूप आणखी वाढतं.

तोवर तबकडीवर राज्य होतं नाट्यपदांचं. त्याला कारणही होतं. सुरुवातीच्या काळात ध्वनिमुद्रणासाठी वीज नव्हतीच. गायकाने एका मोठ्या कर्ण्यात तोंड घालून गायचं, आणि त्याच्या आवाजाच्या जोरानेच पलीकडची सुई हलून मेणात रेघ कोरायची. सुई हलवण्याइतका दम ज्याच्या आवाजात, त्याचंच गाणं टिकायचं. शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा रंगभूमीचा गळा तिथे बरोबर बसायचा. कुणी कानाशी येऊन हळूच काही सांगितलं असतं, तर मेणावर काहीच उमटलं नसतं.

१९२५च्या सुमारास मायक्रोफोन आला आणि ही सक्ती संपली. आता कुजबुजही कोरली जाऊ लागली. भावगीत जन्माला आलं त्यात कवींचा आणि गायकांचा वाटा मोठाच. पण एकट्या माणसाचं मनातलं बोलणं गाण्यात आणायला आधी ते ऐकू शकणारा कान हवा होता, आणि तो कान म्हणजे हे यंत्र, असं मला ठामपणे वाटतं.

यातली एक बारीक गोष्ट तर मला झपाटूनच टाकते. कर्ण्याने पकडलेला आवाज सेकंदाला साधारण अडीच हजार कंपनांच्या पलीकडे फारसा जात नसे. विजेवरचं मुद्रण पाच हजारांच्या आसपास पोचलं. आपण ‘श’ म्हणतो तेव्हा दातांमधून जी हवा सळसळत जाते, तिचा बराचसा आवाज नेमका या दोन आकड्यांच्या मध्ये पडतो. एकदा हळूच ‘शीळ’ म्हणून पाहा. तो पहिला ‘श’ जुन्या कर्ण्यातून जवळजवळ गळूनच गेला असता, मागे नुसती ‘ईळ’ उरली असती!

आणि ती तबकडी? जुनी तबकडी हातात आली तर उजेडात तिरकी धरा. बाहेरून आत जाणारी एकच रेघ, मिनिटाला ७८ फेरे, तीन मिनिटांचे सव्वादोनशेहून जास्त. ती रेघ सरळ नसते. कडेकडेने नागमोडी थरथरत जाते, आणि ती थरथर म्हणजेच गाणं. मोठा आवाज असेल तिथे वळण रुंद, उंच सूर असेल तिथे वळणं दाटीदाटीची. त्या दाटीतून सुई धावते आणि नव्वद वर्षांपूर्वीची हवा पुन्हा हलते.

मेणात कोरलेली ही रेघ तबकडीवर उमटायची ती लाखेत. पळस, बोर, कुसुम अशा झाडांच्या फांद्यांना चिकटून रस पिणारा एक इवलासा किडा अंगाभोवती राळेसारखा चीक सोडतो, तीच लाख. ती शुद्ध करून, दगडाची भुकटी आणि काजळी घालून तापवली, साच्यात दाबली, की काळी तबकडी तयार. म्हणजे रानातून घुमणारी शीळ ऐकून जीव कासावीस झालेल्या तरुणीचं ते गाणं रानातल्याच किड्याच्या लाखेवर उमटलं होतं. हा योगायोगच, पण काय योगायोग! बोलणं त्या तरुणीचं आणि गळा पुरुषाचा, तरी ऐकणाऱ्याला काही वावगं वाटत नाही. गौळण आणि लावणी ऐकून मुरलेला आपला कान आहे हा.

गाणं पुढे गेलं आणि पुस्तक मागून आलं. ‘शीळ’ हा संग्रह निघाला १९५४ साली, तबकडीनंतर २२ वर्षांनी. तेव्हा कवी पंचेचाळिशीला टेकला होता. प्रेव्हेरचंही असंच झालं. त्याच्या कविता लोकांच्या तोंडी आधीच होत्या, ‘पारोल’ हा संग्रह आला १९४६ साली, वयाच्या शेहेचाळिसाव्या वर्षी. त्याच वर्षी पडद्यावर आलेलं त्याचं गळलेल्या पानांचं गाणं जगभर गेलं. तिथे चाल आधी होती, शब्द नंतर बसले. ना. घं.च्या बाबतीत उलट: शब्द आधी, चाल मागून.

‘खूणगाठी’ या संग्रहासाठी १९८६ साली ना. घं.ना साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. मेहकरच्या कंचनीच्या महालाची दंतकथाही त्यांनी कवितेत आणली. २००० साली ते गेले.

जी. एन. जोशी पुढे एचएमव्हीत ध्वनिमुद्रणाचं काम पाहू लागले. आधी मायक्रोफोनपुढे उभा राहणारा माणूस आता काचेपलीकडे बसला. १९६७ साली त्यांच्या देखरेखीखाली एक तबकडी तयार झाली, ‘कॉल ऑफ द व्हॅली’. काश्मीरच्या दऱ्यांतल्या एका मेंढपाळाचा सकाळपासून रात्रीपर्यंतचा दिवस. शिवकुमार शर्मांचं संतूर, ब्रिजभूषण काब्रांची गिटार. शब्द एकही नाही. आणि अधूनमधून, लांबून आल्यासारखी, हरिप्रसाद चौरसियांची बासरी.