रांग कोणाची, जागा कोणाची?

"सर, ब्लॉकचेनवर कोणी आडनाव विचारत नाही," माझा एक विद्यार्थी म्हणाला. खरे आहे. बँकेत खाते काढताना माझ्या वडिलांना ओळख देणारा माणूस शोधत गावभर हिंडावे लागले होते. आडनाव सांगताना ज्यांची जीभ अडखळली, त्यांना या गोष्टीचे मोल वेगळे सांगायला नको. (एक्सचेंजवर रुपये बदलताना कागदपत्रे लागतातच, ते सोडा.) प्रश्न असा की, आडनाव नाही तर मग तिथे रांग कशावर लागते?

बिटकॉइन २००९ साली सुरू झाले. तिथल्या व्यवहारांची जणू एक सामाईक वही असते. तिचे एक पान, म्हणजे ब्लॉक, सरासरी १० मिनिटांनी लिहिले जाते आणि पानावर जागा मोजकीच असते. गर्दी झाली की जो तो शुल्काची बोली लावतो. पान लिहिणारे चढ्या बोलीवाल्यांना आधी घेतात, बाकीचे ताटकळतात. खरी मेख पुढेच आहे. शुल्क रकमेवर नसते, व्यवहाराने अडवलेल्या जागेवर असते. पाचशे रुपये धाडणारा आणि पाच कोटी धाडणारा यांनी सारखीच जागा अडवली, तर शुल्कही सारखेच. डिसेंबर २०१७ मध्ये सरासरी शुल्क ५० डॉलरांवर गेले. पाच कोटीवाल्याला ते जाणवलेही नसेल. पाचशेवाल्याची मात्र वाटच बंद झाली.

इथेरियम या दुसऱ्या जाळ्याने ५ ऑगस्ट २०२१ रोजी रीत बदलली. आंधळ्या बोलीच्या जागी मूळ शुल्क आले. पान निम्म्याहून जास्त भरले की पुढच्या पानाचे शुल्क चढते, कमी भरले की उतरते. एका वेळी फार तर १२.५ टक्के. हे पैसे कोणाच्या खिशात न जाता नष्ट होतात, त्यामुळे ते फुगवण्यात पान लिहिणाऱ्यांचा फायदा उरत नाही. सुधारणा प्रामाणिक आहे, हे मान्य केले पाहिजे. पण दर आधी कळला म्हणून परवडतो असे नाही, आणि वर बक्षिसी देऊन पुढे घुसता येतेच. मे २०२२ च्या आरंभी आभासी जमिनीच्या एका विक्रीला अशी झुंबड उडाली की साधे पैसे पाठवायलाही शेकडो डॉलर पडू लागले. फसलेल्या व्यवहारांचेही शुल्क कापले गेले. पडद्यावरची जमीन! भूमिहीनाच्या पोराने यावर काय बोलावे?

मार्च २०२४ मध्ये इथेरियमने उपजाळ्यांसाठी वेगळी, स्वस्त जागा काढली. तिथले व्यवहार गठ्ठा बांधून मुख्य जाळ्यावर येतात आणि शुल्क काही सेंटांवर उतरते. हे वर्गात सांगितले तेव्हा तोच विद्यार्थी म्हणाला, "म्हणजे सर, आपण पुन्हा बाजूच्या वाटेनेच जायचे?"