पक्क्या रंगाचे सांडपाणी

सोलापूरच्या चादरीची आणि टर्किश टॉवेलची कीर्ती जशी विणीवर उभी आहे, तशीच ती पक्क्या रंगावरही. धुतल्यावर रंग जाऊ नये, ही गिऱ्हाइकाची अपेक्षा रास्तच होय. परंतु उन्हाला व साबणाला दाद न देणारा हा रंग सांडपाण्यातील जिवाणूंनाही सहसा दाद देत नाही, इकडे कितीसे लक्ष जाते?

सुती धाग्यावर चढवले जाणारे रिअ‍ॅक्टिव्ह रंग मीठ व सोडा यांच्या साह्याने धाग्याशी जोडले जातात. सगळाच रंग जोडला जात नाही. 10 टक्क्यांपासून कधी 40 टक्क्यांपर्यंतचा भाग पाण्याशीच संयोग पावून निकामी होतो आणि नाल्याची वाट धरतो. पुढे त्याचे काय होणार, हे रेणूच्या घडणीवरून बरेचसे आधीच सांगता येते. व्हॅट रंग अखेर अविद्राव्य होतात, गाळाला चिकटून तळाशी बसतात. रिअ‍ॅक्टिव्ह रंग मात्र सल्फोनिक गटांमुळे विरघळलेलेच राहतात. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या संशोधकांनी 18 विद्राव्य अ‍ॅझो रंग जिवाणुयुक्त गाळाच्या प्रक्रियेतून सोडून पाहिले. 1991 मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष असा : 11 रंग जवळजवळ जसेच्या तसे बाहेर पडले, 4 गाळाला चिकटले, आणि विघटन झालेसे दिसले ते अवघ्या तिघांचे.

गाळाला चिकटलेला रंगही नाहीसा होत नाही. तो केवळ मुक्काम हलवतो. प्राणवायूविरहित टाकीत अ‍ॅझो बंध तुटून पाणी निवळते खरे, पण मागे अ‍ॅरोमॅटिक अमाइन्स उरतात. त्यांतील काही कर्करोगकारक आहेत. त्यांच्यासाठी पुन्हा हवेशीर टाकी हवी.

नोय्यल नदीच्या प्रदूषणापायी जानेवारी 2011 मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने तिरुपूरचे डाईंग कारखाने बंद करण्याचा आदेश दिला, तेव्हा मालकांइकीच झळ मजुरांच्या चुलीला बसली. महागडी यंत्रे लहान कारखानदाराला झेपणारी नव्हेत. त्याच्या हाती आहे ती रंगाची निवड. रंगासोबत धुण्याचा व उन्हाचा टिकाऊपणा सांगणारा कागद मिळतो. त्यावर सांडपाण्याविषयी एक ओळ का नसावी?

विक्रेत्यांनी ती दिली नाही, तर सोलापूरच्या महाविद्यालयांतील रसायनशास्त्राचे विद्यार्थी ती मिळवू शकतील. प्रक्रिया केंद्रातील गाळ, ठरावीक रंग, काही तास ढवळणे, गाळणे आणि रंगमापकावर मोजणी, एवढेच पहिल्या चाचणीला लागते. गाळाने किती रंग ओढला, याचा अंदाज त्यातून येतो. अशी यादी हाती आली, तर कारखानदार रंग घेतानाच किलोच्या दरात पाण्यावरील प्रक्रियेचा खर्चही धरू शकेल.