बेथलेहेमचे तीन आगमनकाळ

नाताळाआधीच्या आगमनकाळात दर रविवारी एक मेणबत्ती पेटते. तीन जांभळ्या, पश्चात्तापाच्या. तिसऱ्या रविवारची गुलाबी, आनंदाची. २०२३ ते २०२५ या तीन वर्षांत बेथलेहेम आणि गाझाने या दोन्ही रंगांचा अर्थ आम्हाला नव्याने शिकवला.

नोव्हेंबर २०२३ मध्ये, गाझातल्या युद्धामुळे, जेरुसलेमच्या चर्चप्रमुखांनी थाटमाट टाळण्याचे आवाहन केले. बेथलेहेमच्या मँजर स्क्वेअरमध्ये ख्रिसमस ट्री उभे राहिलेच नाही. तिथल्या लुथरन चर्चने मात्र गोठा केला. काँक्रीटचे तुकडे आणि फुटक्या फरशा रचून त्यात केफियेत, म्हणजे पॅलेस्टिनी रुमालात, गुंडाळलेला बाळ येशू ठेवला. सण थांबला, पण जन्म साजरा व्हायचा राहिला नाही.

त्याच वर्षी १६ डिसेंबरला, आनंदाच्या रविवारच्या आदल्या दिवशी, गाझातल्या पवित्र कुटुंब चर्चच्या आवारात गोळी लागून एक आई आणि तिची मुलगी मरण पावल्या. लॅटिन पॅट्रिआर्केटने इस्रायली नेमबाजाला जबाबदार धरले. इस्रायलने ते नाकारले. त्या चर्चमध्ये शेकडो लोक आसऱ्याला होते.

२०२४ मध्येही बेथलेहेमचा चौक झाडाविनाच होता. आगमनकाळाच्या चौथ्या रविवारी, २२ डिसेंबरला, जेरुसलेमचे लॅटिन पॅट्रिआर्क कार्डिनल पिझ्झाबाला यांनी गाझातल्या याच चर्चमध्ये जाऊन मिस्सा अर्पण केली. पोप फ्रान्सिस जवळपास रोज संध्याकाळी तिथे फोन करून विचारपूस करत. एप्रिल २०२५ मध्ये ते गेले आणि तो फोन बंद झाला. जुलैमध्ये त्याच चर्चवर तोफगोळा पडून तिघे दगावले.

ऑक्टोबरात युद्धविराम झाला. ६ डिसेंबर २०२५ रोजी मँजर स्क्वेअरमधले झाड पुन्हा उजळले. त्याच महिन्यात गाझाच्या चर्चमध्ये कार्डिनलांच्या हस्ते एका तान्ह्या बाळाचा बाप्तिस्मा झाला. जिथे माणसे गमावली, तिथेच नवे लेकरू मंडळीत आले.

दुःख ओसरल्यावर आनंद करावा, असे आपण शोकाकुल घरांना सांगतो. मत्तयचे शुभवर्तमान तसे सांगत नाही. त्यात ख्रिस्तजन्म आणि हेरोद राजाने केलेली बालहत्या एकाच बेथलेहेमात घडते, आणि चर्च २५ डिसेंबरपाठोपाठ २८ डिसेंबरला त्या निरपराध बालकांचे स्मरण करते. म्हणून ज्या घरात यंदा कुणी गेले असेल, तिथेही गोठा बांधावा. गेलेल्याचे नाव घेऊन, रडू आले तर रडूनही बांधावा. नाताळ त्या घराचाही आहे.